औषधवाल्या घरातली मुलगी

निफाडकडचे नातेवाईक भेटले की एक प्रश्न हमखास येतो. "घरी चार एकर द्राक्षबाग, तुझं शिक्षणसुद्धा तिच्यावर झालं, आणि तू नाशकात पर्यावरणवाल्यांच्या बैठकांना जातेस? ती झाडं-वाघवाल्यांची चळवळ, आपला काय संबंध?" त्याचं उत्तर आज सविस्तर सांगते.

ही चळवळ आज आपण जिला ओळखतो त्या रूपात उभी राहिली ती फवारणीवरून. 1962 साली रेचल कार्सन या अमेरिकन बाईंचं 'सायलेंट स्प्रिंग' आलं. एल्म नावाची झाडं वाचवायला डीडीटी हे कीटकनाशक मारलं, ते पानांवरून मातीत गेलं, गांडुळांत साठलं आणि ती गांडुळं खाऊन रॉबिन पक्षी मेले, ही साखळी त्यांनी सामान्य वाचकाला कळेल अशी मांडली. कीटकनाशक बनवणाऱ्या कंपन्या त्यांच्यावर तुटून पडल्या. कार्सनबाई तेव्हा कॅन्सरने आजारी होत्या, 1964 मध्ये गेल्या. पण लोकांना विषय कळला होता. 22 एप्रिल 1970 च्या पहिल्या वसुंधरा दिनाला अमेरिकेत सुमारे दोन कोटी माणसं बाहेर पडली आणि 1972 मध्ये तिथल्या शेतीतून डीडीटी गेलं. आपल्या शेतीत त्यावर बंदी यायला 1989 उजाडलं.

आता आमच्या घरात या. ऑक्टोबर छाटणीनंतर आभाळ आलं की डावणीच्या, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगाच्या, धास्तीने वडील पहाटे चारला उठायचे. परत यायचे तेव्हा भुवयांवर, नखांत बोर्डोचा, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या फवाऱ्याचा, निळा थर. आई फवारणीचे कपडे वेगळ्या टबात, विहिरीपासून लांब धुवायची. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. सगळे त्याला औषधच म्हणायचे, तीही म्हणायची. पण त्या टबाला आम्हा पोरांना हात लावू द्यायची नाही.

मग 2010 आलं. युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट सापडलं, म्हणजे वाढ रोखायला आपण मारतो ते लिहोसीन. मर्यादा होती किलोमागे 0.05 मिलिग्रॅम. माल अडकला, भाव कोसळले. त्या उन्हाळ्यात वडील जेवताना बोलत नसत. राग सगळ्यांना युरोपचा आला. मलाही आला होता. पुढे वाचत गेले तेव्हा कळलं की खाणाऱ्याच्या ताटात किती विष चालेल हे सरकारांना इतक्या काटेकोरपणे मोजायला लावण्यात याच चळवळीचा मोठा वाटा आहे. आज काढणीआधी सॅम्पल लॅबला जातं, फळात औषधाचा किती अंश उरला ते सांगणारा रेसिड्यू रिपोर्ट येतो, शेवटच्या फवारणीनंतर किती दिवस थांबायचं ते भाऊ कॅलेंडरवर खुणा करून पाळतो. चळवळ आमच्या घरात पोचली ती या कागदाच्या रूपाने, आणि मला तो कागद फार मोलाचा वाटतो.

पण तो द्राक्षाचा रिपोर्ट आहे. औषध फवारणाऱ्या माणसाचा नाही. 2017 मध्ये यवतमाळला कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली. त्या बातम्या वाचताना मला सारख्या वडिलांच्या भुवया आठवत होत्या. साठ वर्षांत चळवळीने पक्षी आणि खाणारा यांच्यासाठी जेवढं मिळवलं, तेवढं आपल्याकडे पंप पाठीवर घेणाऱ्यासाठी मिळवलेलं नाही. बैठकीत मी एवढंच मांडत असते. झाडांबद्दल बोलणारे तिथे पुष्कळ आहेत, आणि त्यांनी बोललंच पाहिजे. फवारणाऱ्याबद्दल बोलायला बागेतलंच माणूस हवं.

काही औषधांचा परिणाम रक्तात दिसतो. कोलिनएस्टरेज नावाची तपासणी असते, हंगामाआधी एकदा आणि नंतर एकदा करायची, म्हणजे फरक कळतो. यंदा छाटणीआधी सुरगाण्याहून आमच्याकडे कामाला येणाऱ्या चौघांची आणि भावाची ती करून घेतली. भाऊ कुरकुरला, पण आला. पाचही कागद द्राक्षाच्या रिपोर्टांच्या फाइलमध्येच लावलेत. दुसरी तपासणी जानेवारीत आहे.