बायोत एवढे मार्क, मग फिजिक्स का नाही केलंस? तुम्ही विचारलंत म्हणून

आत्या विचारते, मामी विचारते, सोसायटीतले काका लिफ्टमधे विचारतात, की बायोत एवढे छान मार्क होते मग नीटला, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला, फिजिक्स का नाही केलंस गं. जणू मी पुस्तक उघडलंच नव्हतं. अहो केलं होतं. घणसोलीहून ट्रान्स हार्बर पकडून ठाण्याला, नौपाड्यात क्लास, येताना गर्दीत उभ्याउभ्या क्लासच्या पुस्तकाचं मॉड्युल, दोन वर्षं हेच चालू होतं.

काही चॅप्टर सोडले होते हे खरंय. रोटेशन, म्हणजे फिरणाऱ्या वस्तूंचं, पूर्ण; ए.सी., म्हणजे अल्टरनेटिंग करंट, अर्धं. पण आळस म्हणून नाही. आमचं स्टेट बोर्ड, तिथे रोटेशन बारावीचा पहिलाच धडा आणि नीट ज्यावर असते त्या एन.सी.ई.आर.टी.च्या पुस्तकांत तेच अकरावीत, त्यामुळे क्लासने ते अकरावीत पळवत उरकलं आणि बोर्डाचं आलं तेव्हा आम्ही कॉलेजला फक्त प्रॅक्टिकलपुरते जात होतो. शिवाय 2021 ते 2024 पेपरात सेक्शन बी असायचा, 15 पैकी कुठलेही 10 सोडवा, वेळ 2022पासून 200 मिनिटं. एका सिनिअर ताईने सांगितलं बायो पक्कं ठेव, फिजिक्स निवडून कर, तिचं त्यावर झालंही होतं. आणि मग 2025च्या जानेवारीत नीट घेणाऱ्या एन.टी.ए.ने जाहीर केलं की ऑप्शन बंद, 180 प्रश्न, 180 मिनिटं, सगळे कम्पल्सरी. 11 फेब्रुवारीला बारावीची लेखी सुरू. सांगा, रोटेशन कधी करायचं होतं?

तरीही खरं सांगायचं तर त्या दिवशी रोटेशनने माझं काही वाकडं केलं नाही.

4 मे, खारघरला सेंटर. दीडला गेट बंद, घड्याळ न्यायचं नाही, पेनसुद्धा तेच देतात. बायो आधी केलं, मस्त गेलं. केमिस्ट्रीत फिजिकलच्या गणितांनी वेळ खाल्ला, कॅल्क्युलेटर नसतो ना. फिजिक्सवर आले तेव्हा तासभर उरला होता. पहिला प्रश्न लांबलचक, म्हटलं पुढचा बघू, तोही तसाच, पान उलटलं, तिथेही तेच. शेवटी एक ओळखीचा वाटला, करंट इलेक्ट्रिसिटीचा. सोडवला तर आलेलं उत्तर चारही पर्यायांत नाही. परत केला, वेगळंच काहीतरी आलं, तेही नाही. किती मिनिटं गेली कोण जाणे. लोकांना वाटतं मी रडले असेन, पण मला भयंकर राग आला होता, की हा चॅप्टर मी सोडलेला नाहीये, याची मागची सगळी वर्षं मी सोडवलीयेत, हे मला येतं! त्या रागात पुढचे दोन-तीन सोपे असतील तेही नीट वाचले नाहीत बहुतेक. पुढच्या बाकावरचा मुलगा मान खाली घालून ओ.एम.आर. उत्तरपत्रिकेचे गोल रंगवत सुटला होता, काय रंगवत होता देव जाणे. मी निगेटिव्हच्या भीतीने बरेच गोल कोरे ठेवले.

संध्याकाळी जेवताना बाबांनी कागदावर मांडून दाखवलं, बरोबरला चार, चुकीला उणे एक, म्हणजे डोळे मिटून मारलं तरी सरासरी प्रत्येक प्रश्नाला पाव मार्क मिळतो. गणित बरोबरच आहे बाबांचं. पण सरासरी हजारो पेपरांची असते, माझा एकच होता.

नंतर रिझल्टला देशात पहिल्या आलेल्याला 686, आदल्या वर्षी 720 पैकी 720 वाले होते. झालं, मी सगळ्यांना तेच ऐकवत सुटले, की बघा, पेपरच तसा होता. पण पेपर सगळ्यांनाच अवघड गेला असेल तर रँक त्याने कशी पडेल, हेही मला कळतं, मी काय मूर्ख नाही. मग चॅप्टर सोडल्यामुळे पडली? त्याचा तर हिशोबच लागत नाही, कारण येणारेही गेलेच की. आता फिजिओथेरपीला बायोमेकॅनिक्समधे रोटेशनमधलाच टॉर्क परत आलाय, कोपराच्या सांध्यावर, आणि मला तो आरामात कळतो. याचं काय करायचं?

मामेभाऊ यंदा अकरावीत गेलाय, विचारतो ताई रोटेशन सोडू का. एकदा हो म्हटलं, पुढच्या वेळी नाही म्हटलं. शेवटी एवढंच सांगितलं की सी.ई.टी., म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, देणार असशील तर बारावीचं काही सोडू नकोस, तिथे फिजिक्सच्या 50 पैकी 40 प्रश्न बारावीचे असतात आणि निगेटिव्ह नसतं. नीटचं त्याचं त्याने ठरवावं आणि मामीने नंतर मला फोन करू नये.