तुम्ही विचारलंत म्हणून: एवढी मोठी कंपनी, मग स्क्रीन अशी का?

"एवढ्या मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या, हजारोंनी इंजिनिअर, मग त्यांच्या स्क्रीन इतक्या किचकट का? आणि तुम्ही डिझायनर तिथे करता काय? रंग आणि बटणं?" लग्नकार्यात, ट्रेनमध्ये, सोसायटीच्या मीटिंगला हा प्रश्न मला हमखास येतो. दोन वाक्यांत उत्तर देऊन मी वेळ निभावते आणि मग घरी येईपर्यंत चुटपुट लागून राहते. म्हणून आज नीट सांगते.

११ ऑगस्ट २०२०. रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीला ज्यांनी कर्ज दिलं होतं, त्यांना सिटीबँकेमार्फत सुमारे ७८ लाख डॉलर व्याज जायचं होतं. प्रत्यक्षात गेले ८९ कोटी डॉलरच्या वर, आणि जास्तीचा सगळा पैसा बँकेचा स्वतःचा. वापरात होती फ्लेक्सक्यूब ही बँकांसाठीची सॉफ्टवेअर प्रणाली. तिची मुळं आपल्याकडचीच: सिटीने भारतात काढलेल्या कंपनीतून आय-फ्लेक्स उभी राहिली, पुढे ती ओरॅकलने घेतली, मुख्यालय मुंबईत गोरेगावला.

झालं असं, की मुद्दल बाहेर जाऊ नये म्हणून ते बँकेच्या अंतर्गत खात्याकडे वळवायचं होतं. स्क्रीनवर त्यासाठी तीन चौकटी होत्या: प्रिन्सिपल, फ्रंट आणि फंड. मुद्दल म्हणजे प्रिन्सिपल, म्हणून तेवढीच भरली गेली. भरायच्या होत्या तिन्ही. हे एकाने केलं, दुसऱ्याने तपासलं, तिसऱ्याने मंजूर केलं. स्क्रीनने इशाराही दिला होता, की पैसे बँकेबाहेर जाणार आहेत, पुढे जायचं का? पण किती पैसे, ते त्या इशाऱ्यात नव्हतं. व्याज तर बाहेर जाणारच होतं, मग कोण थांबेल? ते पैसे परत मिळवायला पुढे दोन वर्षं कोर्टकचेरी चालली.

त्या तिघांना निष्काळजी म्हणणं मला पटत नाही. इशाऱ्यात आकडा असता तर तिघांपैकी एकाचा तरी हात थबकला असता. तो आकडा तिथे असायला हवा असं कुणीतरी वेळेवर म्हणणं, हे माझं काम.

ते वेळेवर का होत नाही? बँकेसाठी, कारखान्यासाठी सॉफ्टवेअर विकत घेणारा माणूस वेगळा आणि दिवसभर त्यावर बोटं झिजवणारा वेगळा. घेणारा यादी घेऊन बसतो: हे आहे का? आहे. ते आहे का? आहे. 'समजतं का' हा रकाना त्या यादीत मी क्वचित पाहिलाय. शिवाय मेल्विन कॉनवे या संगणकशास्त्रज्ञाने १९६८ सालीच लिहून ठेवलंय, की जशी संस्था आतून विभागलेली, तशीच तिने बनवलेली प्रणाली. मी हे रोज बघते. कर्जाची टीम एक, ठेवींची दुसरी, केवायसीची तिसरी, आणि म्हणून ग्राहकाचा एकच पत्ता तीन ठिकाणी टाइप करायचा. आमच्या आतल्या भिंती आम्ही लोकांच्या बोटांवर लादतो.

डिझाइनला अधिकार दिले की सगळं सुटतं, असंही नाही. विंडोज ८ मध्ये, २०१२ साली, स्टार्टचं बटण काढून टाकलं, वर्षभरात ८.१ मध्ये ते परत आणावं लागलं. लोकांचा हात सवयीने जिथे जातो, तिथे काहीच नव्हतं.

काही वर्षांपूर्वी मी एका सहकारी बँकेत काउंटरमागे दोन दिवस बसले होते. आमचंच सॉफ्टवेअर. तिथल्या मॅडमनी मॉनिटरच्या कडेला वहीचा कागद चिकटवला होता, वरून पारदर्शक टेप, कडा काळवंडलेल्या. त्यावर निळ्या शाईत:

१. आधी शाखा टाकणे.
२. एंटर दोनदा.
३. लाल आलं तर घाबरू नये. परत एंटर.

"हे लाल कशाचं?" मी विचारलं.

"काय माहीत. रोजच येतं. परत एंटर मारला की जातं."

माझ्या पोटात गोळा आला. उद्या खरोखरीचं लाल येईल, तेव्हाही त्या एंटरच मारणार. आम्हीच त्यांना तसं शिकवलं होतं.

मी त्या कागदाचा फोटो काढला आणि पुढच्या मीटिंगला तो मोठा करून दाखवला, दुसरं काही बोलले नाही. मागच्या रांगेतला एक डेव्हलपर म्हणाला, "अरे, हे माझं आहे. शाखेचा कोड लोड व्हायच्या आधीच तपासणी चालते." दोन दिवसांत त्याने ते दुरुस्त केलं. त्या काउंटरवर ते लाल चार वर्षं रोज उमटत होतं. त्याच्यापर्यंत ते कुणी पोचवलंच नव्हतं.

नंतर मी पुन्हा त्या शाखेत गेले. कागद होता तिथेच होता. तिसऱ्या ओळीवर पेनने आडवी रेघ मारलेली. पहिल्या दोन अजून तशाच आहेत, आणि पुढच्या रिलीजमध्ये त्या घ्याव्यात म्हणून मी सध्या भांडते आहे.