सड्यावरचे साडेतेरा किलोमीटर

सूर्याच्या गावात जाऊन उन्हाची तक्रार करू नये म्हणतात, पण मला करायची आहे. राजापूर तालुक्यातलं कशेळी हे कनकादित्याचं गाव. रथसप्तमीचा उत्सव होऊन गेला होता, मी मावशीकडे महिनाभर राहायला आले होते, आणि सहा महिने रत्नागिरीत मैदानाला फेऱ्या मारून मला वाटायला लागलं होतं की आपल्याला धावता येतं.

वाट मीच जुळवली. वाडीतून आंबा-काजूच्या बागांतून खाली पऱ्यापर्यंत, म्हणजे ओढ्यापर्यंत, पलीकडची घाटी चढून सड्यावर, सडा ओलांडून कड्याच्या कडेने देवघळीच्या किनाऱ्याच्या वरच्या अंगाला आणि परत. साडेतेरा किलोमीटर, चढ सगळा मिळून जेमतेम साडेतीनशे मीटर. सह्याद्रीत धावणारे एवढं तर अंग गरम करायला चढतात, असं म्हणून मी आठ वाजता, घावणे-चहा करून निघाले. सोबत एक लिटर पाणी.

"मागं कोण लागलंय गो?" दगडी गडग्यापलीकडून एका आजीने विचारलं. कुणी नाही म्हटलं, तर तिचा विश्वास बसेना.

घाटीत दम लागला, पण कलमांची सावली होती. खरं काय ते वर कळलं. सडा म्हणजे नजर जाईल तिथवर जांभ्याचं उघडं कातळ. झाड नाही, असलीच तर गुडघ्याएवढी करवंदाची जाळी. त्यात वणवा फिरून गेलेला, म्हणजे उरलासुरला भागही काळाठिक्कर. नऊ वाजता ऊन डोक्यावर आलेलं नसतं, तरी कातळ खालून फुंकर मारायला लागतो. आणि वारा बंद. रात्रीचा मतलई वारा पडलेला, समुद्रावरचा खारा वारा अजून सुटायचा असतो. शाळेत हे दोन्ही वारे पाठ केले होते. दोघांच्या मधे असा एक मेलेला तास असतो हे भूगोलाच्या बाईंनी सांगितलं नव्हतं. पूर्वेकडून गरम वारा धरून बसला, तर खारा वारा आणखी रेंगाळतो आणि त्या दिवशी किनाराच तव्यासारखा तापतो. समुद्र एवढा जवळ, की हवेत दमटपणा तेवढा भरपूर. घाम वाळला तर अंग निवतं; माझा नुसता कोपरावरून ठिबकत होता.

नवव्या किलोमीटरला पाणी संपलं. हत्तीच्या कातळशिल्पापाशी पोटरीत गोळा आला आणि मी तिथेच बसले. या हत्तीच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरलेत. 2022 साली कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्यात कशेळीही आहे. एरवी मी तासभर बघत बसले असते. त्या दिवशी एवढंच मनात आलं, की हे कोरणाऱ्याने बसायला सावली कुठली शोधली असेल? उरलेली वाट चालत, लंगडत. घरी वजन केलं तर लिटरभर पिऊनही पावणेदोन किलो कमी. मावशीने कोकमाच्या आगळात मीठ-साखर घालून तांब्याभर पाणी पुढे ठेवलं आणि एक शब्द बोलली नाही. ते जास्त लागलं.

मग दोन आठवडे सड्याकडे फिरकले नाही. रोज सकाळी नऊला गावातल्याच रस्त्यावर अर्धा-पाऊण तास, बोलता येईल इतक्या सावकाश. उन्हाची सवय व्हायला शरीराला दहा-बारा दिवस लागतात. घाम लवकर सुटायला लागतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. हे वाचलेलं होतं. खरं वाटलं ते टोपीवरचे पांढरे पट्टे फिके पडले तेव्हा.

सगळ्यात मोठा शहाणपणा मात्र पायांचा नव्हता. वाट उलटी फिरवायची, बस्स. सडा आधी, पऱ्या शेवटी. परतीची उतरण पश्चिमेकडे तोंड करून आहे, साडेआठपर्यंत तिच्यावर डोंगराचीच सावली असते. पहिल्या दिवशी मी नेमकी सावली सावलीच्या वेळी खर्चून उन्हात गेले होते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात सहाला निघाले, कपाळावर दिवा, दोन लिटर पाणी, त्यात एका बाटलीत आगळ. गळ्यात काकांचा ओला पंचा. सड्यावर पोचते तोच पायाशी करकर, वाळकं पान चुरगाळल्यासारखी, पण थांबेना. दिव्याच्या उजेडात वीतभर वेटोळं, अंगावर अंग घासत असलेलं. फुरसं. मी एक पाय उचललेलाच ठेवला. कातळाचा रंग आणि त्याचा रंग यात काडीचा फरक नव्हता. आवाज नसता तर टाच पडलीच असती. चार पावलं मागे आले, मोठा वळसा घातला. तिथून उजाडेपर्यंत धावले नाही, एकेक पाऊल बघून चालले. त्यात बरीच मिनिटं गेली, जाऊ देत.

देवघळीवरून सडा ओलांडून घाटीत आले तेव्हा ऊन सड्यावर पसरत होतं आणि मी सावलीत उतरत होते. आगळाची बाटली पऱ्यापाशी संपली. पावणेनऊला वाडीत. आजी गडग्यापाशीच होती.

"आज पण लागलंय का कोण मागं?"

"लागलं होतं," म्हटलं, "फुरसं." तेव्हा कुठे तिने मान डोलावली. धावण्याला आता कारण मिळालं होतं.