ट्रेलर लेव्हल करताय? हूक इतक्यात सोडू नका

मुक्कामी पोचलो की सगळे दमलेले असतात, कधी एकदा राहायचा ट्रेलर (कॅरॅव्हान) गाडीपासून सोडतोय असं होतं, पण डावं-उजवं लेव्हल झाल्याशिवाय हूक सोडायचाच नाही. एकदा सुटला की खालच्या बाजूची चाकं ठोकळ्यावर चढवणार कशी, ओढायला गाडीच नाही ना!

मी आत ॲक्सलच्या वर फरशीवर लेव्हल बॉटल आडवी ठेवतो. बुडबुडा ज्या बाजूला पळेल ती बाजू उंच, म्हणजे ठोकळे दुसऱ्या बाजूला. दोन चाकांत ६ फूट अंतर धरलं तर १ अंश उताराला साधारण सव्वा इंच उचलावं लागतं, एवढं डोक्यात असलं की बहुतेक वेळा पहिल्याच खेपेला जमतं. टायर मात्र पूर्ण रुंदीने ठोकळ्यावर बसला पाहिजे, कड लटकली की टायरची वाट. दोन ॲक्सल असतील तर त्या बाजूची दोन्ही चाकं उचला. मग चाकांना पुढून-मागून पक्की अडण, मग हूक सोडा, आणि पुढच्या जॅकने पुढे-मागे जुळवा.

सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते कोपऱ्यातल्या स्टॅबिलायझरबद्दल, म्हणजे ट्रेलर डुगडुगू नये म्हणून खाली सोडायच्या पायांबद्दल. ते ट्रेलर उचलायला नसतात हो! सुरुवातीला मी थोडाच तर उतार आहे म्हणून एक कोपरा त्यानेच वर घेतला आणि दार लागेना, वरचा कोपरा चौकटीला घासत होता, म्हणजे अख्खी चासी पिळली गेली होती. सैल केल्यावर दार नीट लागलं, नशीब. आता पाय जमिनीला टेकला की पुढे थोडासाच ताण देतो, डुगडुग थांबण्यापुरता, बस.

आणि गॅसवर चालणारा फ्रिज असेल तर लेव्हल ही नुसती झोपेची सोय नाही. त्यात पंप नसतो, अमोनियाचं द्रावण उताराने आपोआप वाहतं, ट्रेलर जास्त कलला की ते अडकतं, बॉयलर तापत राहतो आणि फ्रिज कायमचा जाऊ शकतो. काॅम्प्रेसरवाल्याचं एवढं नाजूक नसतं.

जमीन मऊ असेल तर प्रत्येक पायाखाली रुंद फळी घाला, तरी रात्री पाऊस झाला तर सकाळी बुडबुडा परत बघा, एखादा पाय हमखास खचलेला असतो. निघताना आधी पाय वर, मग हूक लावायचा, आणि अडण अगदी शेवटी काढायची.