लेनियरवर कॅटालिना २२ : डोलकाठी दोनदा उभी केली त्याची गोष्ट

एप्रिलचा पहिला शनिवार. घरासमोर उभ्या असलेल्या बोटीवरची ताडपत्री काढली तर पाइनच्या परागाचा हा थर. अमेरिकेतल्या जॉर्जियात या दिवसांत गाड्या, ओटे, कुत्री, सगळंच पिवळं होतं. सासरे आदल्याच आठवड्यात हर्णैहून आले होते. ते म्हणाले, "जावईबापू, शेजारी हळदीची गिरणी आहे का हो?" त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला, घरापासून बंदर दहा मिनिटांवर, पण शिडाच्या होडीत कधी पाय ठेवला नव्हता. तो योग इथे कमिंग गावात, लेनियर तळ्यावर यायचा होता.

आमची बोट कॅटालिना २२, म्हणजे साडेएकवीस फुटांची, ट्रेलरवरून नेता येणारी आणि आत चार जण कसेबसे झोपू शकतील अशी. कॅटालिना कंपनीच्या फ्रँक बटलर यांच्या या बोटी १९६९ पासून निघू लागल्या आणि आजवर १५ हजारांहून जास्त झाल्या आहेत. जुन्या बोटीचे सुटे भाग अजूनही मिळतात ते त्यामुळेच. आमची आहे उचलत्या कीलची. कील म्हणजे तळाखालचं बिडाचं जड पातं, जवळपास अडीचशे किलोचं. ते वर घेतलं की बोट दोन फूट पाण्यात तरंगते, खाली सोडलं की पाच फूट लागतात. पहिल्यांदा बोट घेणाऱ्या आणि दर वेळी रॅम्पवरून, म्हणजे पाण्यात जाणाऱ्या काँक्रीटच्या उतारावरून, उतरवणार असलेल्या माणसाने उचलती कीलच घ्यावी. पक्क्या कीलच्या बोटीला साडेतीन फूट पाणी लागतं. मग ट्रेलर इतका खोल न्यावा लागतो की गाडीचं मागचं बूडही भिजतं, नाहीतर ट्रेलरच्या दांड्याला जोडतुकडा लावावा लागतो.

गाडीमागे ओढायचं वजन बोट, ट्रेलर, मोटर, नांगर आणि आमच्या डब्यांसकट १६०० किलोच्या घरात जातं. निघण्याआधी मी तीनच गोष्टी पाहतो : ट्रेलरच्या टायरांतली हवा (स्पेअरचीसुद्धा, ती सगळेच विसरतात), मागचे दिवे आणि चाकांच्या हबमधलं ग्रीस. पोहोचल्यावर हबला हात लावून बघायचा. कोमट असेल तर ठीक, चटका बसला तर बेअरिंगचं काहीतरी बिनसलंय. तापलेला हब लगेच गार पाण्यात बुडवला तर आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. त्यामुळे डोलकाठी उभी करण्यात जाणारा तास वाया जातो असं समजू नका, तोवर हब निवतात.

आम्ही साडेसातला तळ्याकाठच्या टिडवेल पार्कला पोहोचलो. लेनियर म्हणजे चॅटाहूची नदीवर १९५६ साली पुऱ्या झालेल्या ब्युफर्ड धरणाचा जलाशय, ३८ हजार एकरांचा. याच तळ्यावर १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या वल्हवण्याच्या स्पर्धा झाल्या. शिडाच्या स्पर्धा मात्र पार समुद्रावर, सॅव्हानाला. सासऱ्यांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणजे इथे वारा नसतो असंच ना?" उन्हाळ्यापुरतं ते बरोबर आहे. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी पान हलत नाही आणि दुपारनंतर गडगडाट सुरू होतो. वारा हवा असेल तर मार्च ते मे, नाहीतर ऑक्टोबर-नोव्हेंबर. त्या दिवशी आदल्या रात्री पाऊस येऊन गेला होता आणि वायव्येचा ८ ते १० नॉट वारा होता, नवख्या पाहुण्याला दाखवावा असा.

निघण्याआधी पाण्याची पातळी मात्र बघा. उन्हाळ्यात भरलेल्या तळ्याची पातळी समुद्रसपाटीपासून १०७१ फूट धरतात. ती बरीच खाली गेली की काही रॅम्पचं काँक्रीट पाण्याच्या आधीच संपतं आणि ते बंद करतात. ही माहिती धरण सांभाळणारं आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्स रोज देतं.

आता मुख्य काम. डोलकाठी गाडीतळावरच उभी करायची, रॅम्पवर नाही. पण त्याआधी मान वर करून विजेच्या तारा बघायच्या. जिथे उभे आहात तिथल्याच नाही, तिथून पाण्यापर्यंतच्या सगळ्या वाटेवरच्या. आमची डोलकाठी २५ फुटांची, ॲल्युमिनियमची. ट्रेलरवर उभी केल्यावर तिचं टोक तीन मजली इमारतीएवढं उंच जातं, आणि खाली वायर धरून आपण उभे. झाडाच्या फांदीत अडकली तर हसं होईल, तारेला लागली तर माणूस जाईल. मी दर वेळी ही वाट एकदा पायी चालून येतो. बायको याला माझी प्रदक्षिणा म्हणते.

बोट ट्रेलरला बांधलेली आणि ट्रेलर गाडीला जोडलेलाच राहू द्यायचा, नाहीतर तुम्ही मागे चढलात की ट्रेलर सी-सॉसारखा उलटतो. आडवी डोलकाठी मागे सरकवून तिचं बूड केबिनच्या छतावरच्या बिजागरीत बसवायचं आणि बोल्ट घालायचा. मग डोलकाठीला चहूबाजूंनी ताणून धरणाऱ्या वायरी. मागची, दोन बाजूंच्या वरच्या आणि खालच्यांपैकी मागच्या दोन, एवढ्या आधीच जोडायच्या. खालच्यांपैकी पुढच्या दोन सुट्या ठेवायच्या, कारण डोलकाठी मागे आडवी असताना त्या पुरतच नाहीत. सगळ्यात पुढची, म्हणजे नाळेकडची, शेवटी. मी मागून डोलकाठी खांद्यावर घेऊन एकेक पाऊल पुढे चढतो, बायको पुढे उभी राहून जिबचा हॅलयार्ड ओढते. जिब म्हणजे पुढचं लहान शीड, हॅलयार्ड म्हणजे शीड वर चढवायचा दोर. उचलताना पहिले चार-पाच फूट जड जातात, पुढे हलकं होतं.

उचलताना प्रत्येक टर्नबकलकडे लक्ष हवं. टर्नबकल म्हणजे वायरीच्या खालचा, फिरवून ताण द्यायचा आटा. डेकवर आडवा पडलेला असला तर डोलकाठी वर जाताना तो तसाच अडकतो आणि तिच्या जोराने वाकतो. पहिल्या वर्षी माझा उजवा टर्नबकल केळ्यासारखा झाला होता. तेव्हापासून डब्यात एक जास्तीचा टर्नबकल, मूठभर पिना आणि रिंगा असतात. काहीतरी अडल्यासारखं वाटलं तर जोर लावायचा नाही, थांबून कुठे अडलंय ते बघायचं. तिसऱ्या माणसाचं काम एवढंच, की बोटीभोवती फिरत अडलेल्या वायरी सोडवायच्या. त्या दिवशी ते काम सासऱ्यांकडे होतं आणि त्यांनी ते परीक्षेच्या सुपरवायझरसारखं केलं. "थांबा! डावीकडची! हां, चला."

डोलकाठी उभी राहिली, पुढची वायर लागली, पिनेत रिंग गेली. वेळ पंचवीस मिनिटं. मी पाहुण्यांसमोर जरा छाती काढून मोठ्या शिडाचा हॅलयार्ड मोकळा केला, आणि त्याचं शॅकलचं, म्हणजे शीड अडकवायच्या कडीचं, टोक हातातून सुटलं. दुसऱ्या टोकाकडच्या दोराचं वजन जास्त. शॅकल शांतपणे वर वर जात डोलकाठीच्या टोकाला कप्पीशी जाऊन थांबलं. तिघंही वर बघत राहिलो.

अशा वेळी वर चढता येत नाही, ही डोलकाठी माणसाचं वजन घेणारी नाही. काठीला काठी बांधून काढायचा प्रयत्न करू नका, मी तोही एकदा केला आहे. पुन्हा सगळं सोडून, डोलकाठी आडवी करून, शॅकल खाली आणून पुन्हा उभी करायची. सासरे एवढंच म्हणाले, "आमच्याकडे याला दहा माणसं आणि भरपूर शिव्या लागतात. तुम्ही शिव्या देत नाही, म्हणून वेळ लागतो." तेव्हा डोलकाठी उचलण्याआधीच दोन्ही हॅलयार्डांची दोन्ही टोकं बुडाशी बांधून टाका.

मग बूम (मोठ्या शिडाच्या खालचा आडवा दांडा) आणि मोठं शीड लावून घ्यायचं, शीड घडी करून बूमला बांधून ठेवायचं. जिबही पुढच्या वायरीला अडकवून बांधून ठेवायचं. आमच्या घरात शब्दांचा एक कायमचा घोटाळा आहे. इंग्रजीतली शीट म्हणजे शीड नव्हे, शीड आवळायचा-सोडायचा दोर. पहिल्या मोसमात बायको "शीट सोड!" म्हणून ओरडली आणि मी शीडच खाली घेतलं. आता आम्ही त्या दोराला नुसतं दोर म्हणतो.

रॅम्पवर जाण्याआधी गाडीतळावरच : मागचे पट्टे काढायचे, दिव्यांचा प्लग काढायचा (गरम दिवा पाण्यात गेला की संपला), धक्क्याच्या बाजूला फेंडर (बोट घासू नये म्हणूनचे फुगे) लटकवायचे, पुढे आणि मागे एकेक लांब दोर बांधायचा, मोटर वर उचललेली ठेवायची. पुढचा विंचचा (बोट ट्रेलरवर ओढायच्या हातरहाटाचा) पट्टा आणि साखळी मात्र बोट पाण्यात टेकेपर्यंत काढायची नाही. उतारावर मोकळी बोट घसरून काँक्रीटवर पडल्याचं मी डोळ्यांनी पाहिलंय. सुकाणू आता बसवू नका, ते तळापेक्षा खाली जातं आणि रॅम्पला घासतं. ते धक्क्याला लागल्यावर.

गाडी मागे घेताना हात स्टिअरिंगच्या खालच्या भागावर ठेवा. हात उजवीकडे गेला की ट्रेलर उजवीकडे, डावीकडे गेला की डावीकडे. माझ्यासारख्याला एवढंच समजतं. ट्रेलरची चाकं पूर्ण बुडून बोटीचं मागचं टोक उचललं की थांबायचं, हँडब्रेक लावायचा, चाकाला ठोकळा लावायचा. शेवाळाने रॅम्प निसरडा असतो, चपला नकोत. बाजूच्या मोटरबोटवाल्याने आपुलकीने विचारलं, "प्लग लावला का?" प्लग म्हणजे पाणी काढायच्या भोकाचं बूच. आमच्या बोटीला तळात प्लगच नाही, पण पाणी येऊ शकेल अशी जागा आहे. कीलची वायर केबिनमधल्या विंचपासून ज्या रबरी नळीतून खाली जाते, ती नळी आणि तिचे क्लॅम्प. म्हणून पट्टा सोडण्याआधी एक जण आत जाऊन तिथे हाताचं बोट फिरवून बघतो. कोरडं असेल तरच पुढे. रॅम्पवरचं हे सगळं पाच मिनिटांत उरकायला हवं. तिथे डबा उघडून शिडाची दोरी शोधणारे लोक असतात, आणि मागे थांबलेल्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

मोटर चालू करून बाहेर आलो, खोली आठ फूट झाल्यावर कील सोडली. विंचचं हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरून, मोजून फिरवायचं. सुटलं तर गरगर फिरतं आणि मनगट मोडू शकतं. हे काम पाहुण्यांना देऊ नये.

पुढचे तीन तास छान गेले, त्यात सांगण्यासारखं कमी आहे. वेग वाढला की कीलची वायर पाण्यात गुणगुणायला लागते आणि सगळी बोट तंबोऱ्यासारखी वाजते. काही जण रबर लावून तो आवाज बंद करतात. आम्ही केला नाही. सासऱ्यांना सुकाणूची दांडी दिली. दांडी डावीकडे ढकलली की बोट उजवीकडे वळते हे त्यांना दोन मिनिटांत जमलं, मला दोन रविवार लागले होते. अकरानंतर मोटरबोटींच्या लाटा सुरू होतात, तेव्हा जेवण त्याआधी उरका. लाइफ जॅकेट प्रत्येकाला एक हवंच. बोट चालू असताना तेरा वर्षांखालच्या मुलांच्या अंगावर ते असलंच पाहिजे असा जॉर्जियाचा कायदा आहे. १६ फुटांवरच्या बोटीत फेकता येईल असं एक तरंगतं उशीवजा साधनही लागतं.

परतताना धक्क्याला लागण्याआधी कील वर. खाली जाताना मोजलेले फेरे इथे कामी येतात, कारण कील पूर्ण वर आली का ते आतून दिसत नाही. सुकाणू काढा, मग ट्रेलर. ट्रेलर फार खोल नेला तर बोट त्यावर तिरकी तरंगत बसते आणि बाहेर ओढल्यावर एका कुशीवर टेकलेली सापडते. दोन्ही बाजूंना उभे पाइप लावून घ्या, मागून बोट कुठे आहे ते दिसतं. बाहेर आल्यावर कील ट्रेलरच्या आधारावर टेकवा, म्हणजे रस्त्यावरचे धक्के वायरीला बसत नाहीत.

डोलकाठी उतरवताना सगळे दमलेले असतात आणि चूक तेव्हाच होते. पुढची वायर सोडण्याआधी जिबचा हॅलयार्ड पुढे बांधून कुणाच्या तरी हातात ताणून धरलेला असायला हवा. नाहीतर २५ फुटांचं ॲल्युमिनियम थेट मागच्याच्या डोक्यावर येतं. आम्ही ती उतरवली, वायरी गुंडाळल्या, पट्टे आवळले. दिव्यांचा प्लग परत लावला. सासऱ्यांनी ट्रेलरभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "त्या दोरीचं टोक बांधलंत ना?"

बांधलं होतं. दोन गाठी मारून.