पामीरच्या पठारावर, दुसऱ्याच्या शिकारीला

शिकार या प्रकाराविषयी माझे मत कधीच फारसे चांगले नव्हते आणि पामीरहून परतल्यावरही ते पूर्णपणे बदललेले नाही, हे आधीच सांगून टाकतो. मात्र सावजी मटणाच्या तर्रीवर वाढलेल्या माणसाने प्राणीदयेवर प्रवचन देऊ नये, एवढे तारतम्य मला आहे. आमच्या नागपुरात शिकारीचा विषय निघाला की दोन गोष्टी हमखास आठवतात. एक म्हणजे अजब बंगल्यातले, म्हणजे आमच्या संग्रहालयातले, काचेमागचे पेंढा भरलेले प्राणी, आणि दुसरी म्हणजे सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या दिवाणखान्यांत टांगलेली, मिशा झडलेली वाघाची मुंडकी. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो अध्याय संपवला. ज्या मध्य भारतात एकेकाळी परदेशी पाहुण्यांकडून पैसे घेऊन वाघ मारून देणाऱ्या शिकार कंपन्या चालत, तिथेच आता आपण जिप्सीत बसून वाघाचा फोटो मिळाला नाही म्हणून गाइडवर चिडतो.

टेक्सासला स्थायिक झालेल्या माझ्या आतेभावाने, म्हणजे आमच्या दादाने, ताजिकिस्तानातल्या पामीर पठारावर मार्को पोलो नावाच्या रानमेंढ्याच्या शिकारीला जायचे ठरवले आणि सोबतीला मला बोलावले. बंदूक त्याची, परवाना त्याचा, चाळीस हजार डॉलरांहून मोठी रक्कम त्याची. मी केवळ बघ्या, आणि बघ्याचेही निराळे पैसे लागतात हे मला तेव्हा कळले. तयारी म्हणून मी पाठीवर तांदळाची पिशवी बांधून रामटेकच्या गडाच्या पायऱ्या चढत असे. दर्शनाला आलेली मंडळी मी काही नवस फेडतो आहे अशा समजुतीने वाट करून देत.

दिल्ली, मग किरगिझस्तानातले बिश्केक आणि ओश हा प्रवास सांगण्यासारखा नाही. ओशपासून पुढे मात्र रस्ता चढतच राहतो आणि ४,२८० मीटर उंचीच्या किझिल-आर्त खिंडीतून ताजिकिस्तानात उतरतो. पलीकडे काराकुल सरोवर आणि मग मुर्गाब हे गाव. वाटेत चहासुद्धा मिळाला नाही. मुर्गाबच्या पुढे आमचा तळ होता, चार हजार मीटरच्याही थोडा वर. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर आहे. चार हजार मीटरवर हवेचा दाब साठ टक्क्यांच्या आसपास उरतो, हे वाक्य मी घरी वाचले होते. पहिल्या रात्री बुटांच्या नाड्या सोडवताना धाप लागली तेव्हा ते समजले. डोके असे ठणकत होते की उशी नकोशी झाली. डॉक्टरांनी उंचीच्या त्रासावर दिलेल्या डायमॉक्सच्या गोळ्या मी वेळेवर घेत होतो, तरीही पहाटे छाती भरून आल्यासारखे वाटले म्हणून ऑक्सिजन मागितला. सिलिंडर होते, अगदी नवे कोरे होते, परंतु ते उघडण्याचा पाना एका ड्रायव्हरच्या खिशात होता आणि तो ड्रायव्हर रात्री गावात मुक्कामाला गेला होता. एवढे पैसे घेणाऱ्या तळाने पाहुण्याच्या श्वासाची ही व्यवस्था ठेवावी, याचा राग मला आजही येतो. त्याच तळावर गरम पाण्याच्या नैसर्गिक झऱ्यावर बांधलेली न्हाणी मात्र इतकी सुरेख होती की बाहेर उणे वीस अंश असताना गळ्यापर्यंत पाण्यात बसून मी त्या लोकांना अर्धी माफी दिली.

या मेंढ्याचे नाव मार्को पोलोवरून पडले, कारण मेंढपाळ त्याच्या शिंगांपासून वाडगे बनवतात आणि कुंपणे घालतात असे त्याने तेराव्या शतकात नोंदवून ठेवले होते. शास्त्रीय नाव मात्र १८४१ साली एडवर्ड ब्लाइथने दिले. हाच ब्लाइथ पुढे कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा अभिरक्षक झाला. लांबात लांब शिंगाचे माप १९० सेंटिमीटरच्या घरात जाते, म्हणजे माझ्या उंचीपेक्षा जास्त. शिकारी मंडळी सेंटिमीटर वापरत नाहीत, ती इंचांत बोलतात, आणि दादाच्या तोंडी ओशपासून एकच आकडा होता, तो म्हणजे साठ. साठ इंचांच्या खालचे शिंग तो भिंतीवर लावणार नव्हता.

आमचा वाटाड्या मुर्गाबकडचा किरगिझ होता, साठीला आलेला, बुटका, आणि चालताना कधीच न थांबणारा. सोव्हिएत राज्य कोसळल्यावर नव्वदच्या दशकात, यादवी युद्धाच्या काळात, पामीरला येणारा कोळसा आणि पीठ बंद झाले, तेव्हा लोकांनी हीच मेंढरे मारून पोट भरले. त्यांत हाही होता. चोरून शिकार करायचो, असे त्याने कसलाही संकोच न बाळगता ड्रायव्हरच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीतून सांगितले. आता पाहुण्यांच्या पैशांतून त्याला पगार मिळतो, म्हणून तो आणि त्याच्यासारखे इतर चोरट्यांना त्या खोऱ्यात पाऊल ठेवू देत नाहीत, आणि मेंढरे राहिल्यामुळे त्यांच्यावर जगणारा हिमबिबट्याही टिकून आहे. थोडे नर पैसे घेऊन मारू द्यायचे म्हणजे उरलेला कळप वाचतो, हा हिशेब मला पटतो; फक्त तो हिशेब मांडणाऱ्यांच्या घरी भिंतीवर शिंगे असतात, तेव्हा थोडा कमी पटतो.

मधले दिवस निव्वळ थंडीचे आणि निराशेचे होते. या पठारावर झाडझुडूप नाही, आडोसा नाही, मेंढ्याला मैलभरावरची हालचाल दिसते, त्यामुळे कळप दिसायचा आणि विरघळायचा. मग एका दुपारी वाटाड्याने आम्हाला एका कड्यामागून पोटावर सरपटत वर नेले. खाली, सुमारे चारशे मीटरवर, नरांचा कळप बर्फ उकरून गवत खात होता. त्याने तिपाईवरची दुर्बीण आधी दादाला दिली आणि मग, मला वाटते केवळ सौजन्य म्हणून, मला दिली.

कळपात दोन नर उठून दिसत होते. एकाची शिंगे दोन्ही बाजूंना लांब फाकलेली, टोके अखंड, अगदी चित्रातल्यासारखी. दुसरा अंगाने जड, मान पांढुरकी, पण डाव्या शिंगाचे टोक तुटलेले. दादाने लांब शिंगांच्या नरावर नेम धरला. वाटाड्याने मान हलवली. त्याने हातमोजा काढून सात बोटे दाखवली, तुटक्या शिंगाच्या नराकडे बोट केले आणि दोन्ही हातांची बोटे दाखवून वर आणखी एक बोट धरले. शिंगावर दरवर्षी एक वलय उमटते आणि जाणकार माणूस दुर्बिणीतूनही ती मोजू शकतो. सात वर्षांच्या नराला अजून कित्येक हिवाळे आहेत, अकरा वर्षांच्या नराला कदाचित हाच शेवटचा. दादा कुजबुजला, "अरे, तुटक्या शिंगासाठी मी एवढे पैसे मोजले का? सांग त्याला." मी काय सांगणार, आणि कोणत्या भाषेत? ड्रायव्हर खाली गाडीपाशी होता. दादाने पुन्हा त्याच नरावर नेम धरला, तेव्हा त्या म्हाताऱ्याने काहीही न बोलता आपला उघडा तळहात बंदुकीच्या दुर्बिणीच्या भिंगापुढे धरला.

तो हात तिथे किती वेळ होता हे मी घड्याळात पाहिले नाही, पण बोटांची टोके पांढरी पडताना मला दिसत होती. दादाचा चेहरा लाल झाला होता. टेक्सासमध्ये त्याच्या हाताखाली पुष्कळ माणसे काम करतात आणि त्याला असे कोणी अडवत नाही. कळप कोणत्याही क्षणी उधळला असता, वारा फिरला असता, एवढा सगळा खर्च हवेत गेला असता, आणि त्याबरोबर म्हाताऱ्याची बक्षिशीही. दुसऱ्या एखाद्या वाटाड्याने डोळे मिटून घेतले असते, याबद्दल मला शंका नाही. पाहुण्याला साठ इंच मिळाले की सगळेच खूश होतात. याने हात काढला नाही. अखेर दादानेच बंदूक किंचित उजवीकडे वळवली, आणि तेव्हा कुठे तो तळहात बाजूला झाला.

गोळी मेंढ्याच्या मागच्या भागात लागली. विरळ हवेत गोळीला अडथळा कमी होतो आणि ती कमी खाली येते, म्हणून तळावर आल्याबरोबर बंदुकीचा नेम नव्याने तपासून घेतला होता. तरीही दादाच्या धापा, तापलेले डोके आणि आडवा वारा यांचा हिशेब कोणत्याच तक्त्यात नसतो. मेंढा बसला, उठला आणि मागचा पाय ओढत कड्यापलीकडे गेला. करारात स्पष्ट लिहिले होते की रक्त सांडले की परवाना संपला, जनावर सापडो वा न सापडो. परंतु म्हाताऱ्याला कराराशी देणेघेणे नव्हते. दादा त्याच्यामागे निघाला तेव्हा म्हाताऱ्याने दादाला खांद्याला धरून बर्फावर बसवले. खाली आल्यावर ड्रायव्हरने त्याचे म्हणणे समजावून दिले: पाहुणा वर कोसळला तर ओझी दोन होतील. मग एका पोराला आणि एका टॉर्चला घेऊन म्हातारा अंधारात चढून गेला.

आम्ही तळावर परतलो. दादाने जेवणाला हात लावला नाही आणि तो शेगडीपाशी बसून राहिला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवे. मध्यरात्र उलटल्यावर म्हातारा आला, मिशांवर बर्फ, उजव्या हाताची बोटे वाकत नव्हती. कोमट पाण्यात हात बुडवून त्याने मीठ घातलेला दुधाचा चहा प्यायला आणि उजाडण्यापूर्वी पुन्हा निघाला. या शिकारीतली जोखीम म्हणून माहितीपत्रकात उंची, थंडी आणि खराब हवामान यांचा उल्लेख असतो. मला दिसले ते असे की ती सगळी जोखीम पाहुण्याच्या नावाने छापलेली असते आणि प्रत्यक्षात उचलतो तो पगारी माणूस.

सकाळी निरोप आला. मेंढा दगडांच्या घसरणीखाली मेलेला सापडला होता. आकाशात दाढीवाले गिधाड घिरट्या घालत होते, पण लांडगे पोचले नव्हते. आम्ही गेलो. जवळून त्या शिंगाचे खोड माझ्या मांडीएवढे जाड होते, वलयांच्या खाचांत वाळलेली माती आणि केस अडकलेले, एका ठिकाणी जुनी भेग. लोकर इतकी दाट होती की बोट कातडीपर्यंत पोचेना. म्हाताऱ्याने मेंढ्याचा जबडा उघडला आणि दादाला वाकून बघायला लावले. पुढचे दात हिरड्यांपर्यंत झिजलेले होते, दोन तर नव्हतेच. अशा तोंडाने बर्फाखालचे गवत फेब्रुवारीपर्यंत उपटता आले नसते. दादा बराच वेळ बघत राहिला. मग टेप काढून त्याने अखंड शिंग मोजले. चोपन्न इंच. त्यावर तो काहीच बोलला नाही आणि मीही विचारले नाही.

मांस तिथेच कापून गाडीत भरले. एक तुकडाही मागे सोडला नाही. एक वाटा तळाच्या स्वयंपाकघरात गेला, बाकीचे गावात वाटले. म्हाताऱ्याच्या घरी आम्हाला लोकरीच्या नक्षीदार नमद्यांवर बसवून त्याच्या बायकोने कांद्याबरोबर परतलेली काळीज-चरबी वाढली, आणि आम्ही थांबवेपर्यंत वाढतच राहिली. मी पोटभर खाल्ले. मांस चिवट होते. आमच्या इतवारीतल्या एखाद्या सावजी खानावळीतही ते सहज शिजले नसते. परंतु इतक्या उंचीवर, जिथे चूल पेटवायला तेरेस्केनची झुडपे मुळासकट उपटून आणावी लागतात, तिथे दोन अनोळखी माणसांना जेवू घालण्याची ही तऱ्हा मला तळावरच्या गालिचांपेक्षा आणि न्हाणीपेक्षा मोठी वाटली.

शिंगे अजून टेक्सासला पोचलेली नाहीत. साइट्स या वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टात हा प्राणी असल्यामुळे निर्यातीचा परवाना लागतो, आणि अमेरिकेच्या कायद्याने हा मेंढा संकटग्रस्तांच्या यादीत असल्यामुळे तिकडे आणण्याचाही निराळा परवाना लागतो. कागद फिरत आहेत. आत्याला फोनवर ही सगळी हकीगत सांगितली, तेव्हा एवढे पैसे ओतून मटण तिथेच वाटून आलात का, एवढेच तिने विचारले.

निघताना दादाने म्हाताऱ्यासाठी पाकिटात चांगली घसघशीत रक्कम घातली होती, माझ्या अपेक्षेपेक्षा बरीच जास्त. तळाच्या व्यवस्थापकाने मात्र सगळ्यांची बक्षिशी एकाच पेटीत जमा होते असे हसत सांगून ते पाकीट आपल्याकडे घेतले, आणि त्या पेटीतून कोणाला किती मिळते हे शेवटपर्यंत सांगितले नाही. तेव्हा ज्यांना जायचेच असेल त्यांनी वाटाड्याचे पैसे त्याच्या घरी जेवायला जाल तेव्हाच त्याच्या हातात द्यावेत, आणि सिलिंडरचा पाना पहिल्या संध्याकाळीच मागून आपल्या खिशात ठेवावा.