क्वालिस, निफाडची थंडी आणि "आपल्याकडं हीटर लागतच नाही"

हे थोडं चिडूनच लिहितोय, सांभाळून घ्या. आमच्याकडं 2004 ची टोयोटा क्वालिस आहे, डिझेल, 2446 सीसीचं जुनं इंजिन, त्यात ना कॉमन रेल ना टर्बो. गाडी असते निफाड तालुक्यात, मळ्यातल्या वस्तीवर. निफाडची थंडी काय असते ते नाशिक जिल्ह्यात कोणाला सांगायला नको, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा हिवाळाभर पेपरात येतोच. पारा पाच-सहावर आला की द्राक्षमण्यांना तडे जातात म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवायच्या, पाणी सोडायचं, आणि नेमकं त्याच टायमाला मला सुरगाणा-पेठकडच्या मजुरांना त्यांच्या मुक्कामावरून आणायला निघायचं असतं. आणि नेमकी तेव्हाच गाडी बसून राहायची.

म्हणजे सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) चांगला फिरायचा हां, इंजिन गरागरा फिरतंय, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतोय, डोळे चुरचुरतील असा कच्च्या डिझेलचा वास, पण पकडतच नाही. बऱ्याच वेळानं एखादं सिलिंडर फट् करायचं, मग दुसरं, मग थरथरत एकदाची चालू व्हायची, आणि मिनिटभर अशी हलायची की आरसे दिसेनात. आणि दुपारी? दुपारी हीच गाडी अर्ध्या सेल्फला उठायची. ही दुपारची गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढं तीच कोणी ऐकून घेतली नाही.

बॅटरी बदलली, ती तशीही जुनी झाली होती. डिझेल फिल्टर बदलला. सेल्फचे कार्बन बदलले. काही फरक नाही. इथपर्यंत ठीक आहे, ही कामं कोणीही करतो.

मग तालुक्याच्या एका गॅरेजला गाडी नेली, नाव लिहीत नाही, माणूस कामाला वाईट नाही, ट्रॅक्टर आणि पिकअपची चांगली कामं करतो. मी म्हटलं, "दादा, हीटर बघ." हीटर म्हणजे आतली सीट गरम करणारा नव्हे, इंजिनातले हीटर प्लग (ग्लो प्लग), जे गार इंजिन सुरू करताना आत गरमी देतात. तर हसला. "भाऊ, आपल्याकडं हीटर लागतच नाही. हीटर म्हणजे काश्मीर, हिमाचल. आम्ही तर वायरच काढून टाकतो, फुकट बॅटरी खातो." मी म्हटलं अरे पण सकाळीच त्रास आहे, दुपारी नाही. तर म्हणे, "कॉम्प्रेशन गेलंय. इंजिन काम करावं लागेल, साठ-सत्तर हजार धरून चाला." कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरात हवा दाबली जायचा जोर. तो मोजायचं गेज लावलं नाही, प्लग काढला नाही, नुसतं सेल्फचा आवाज ऐकून कॉम्प्रेशन गेलं! मी विचारलं गेज आहे का, तर गेज नाशिकला कोणाकडं तरी दिलंय. ते गेज शेवटपर्यंत नाशिकहून आलं नाही.

मी परत गेलो. परत तेच. त्यानं ऑइलच्या झाकणातून धूर येतो का (कॉम्प्रेशन गेलं की येतो) तेही बघितलं नाही, ते मीच चालू इंजिनवर झाकण उघडून बघितलं, फसफस अजिबात नाही, ऑइल खात नाही, चढावर दम टाकत नाही, मग कॉम्प्रेशन गेलं कसं? यावर उत्तर काय तर "जुनी गाडी आहे भाऊ, विकून टाका, आता हिचं कोण करत बसतंय." आणि डॅशबोर्डवरचा पिवळा लूपसारखा लाइट दाखवून म्हणतो, "हे बघा, हीटरचा लाइट लागतोय ना, विझतोय ना, म्हणजे हीटर चालू आहे." याच वाक्यानं माझं डोकं जास्त फिरलं. एकीकडं हीटर लागत नाही म्हणतो, दुसरीकडं तोच हीटर चालू आहे म्हणतो.

तो लाइट हीटरचा नाहीच हो, टायमरचा आहे. टायमर किती सेकंद मोजायचे तेवढे मोजतो आणि लाइट विझवतो. खाली चारही प्लग मेलेले असले, वायर तुटलेली असली, तरी लाइट आपला इमानदारीत लागणार आणि विझणार. जुन्या डिझेलवाल्यांनी बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, एवढं वाचा.

आता हा "हीटर लागत नाही" वाला समज येतो कुठून, तर त्यातही त्या माणसाची पूर्ण चूक नाही. ट्रॅक्टरला आणि बऱ्याच पिकअपना डायरेक्ट इंजेक्शनचं इंजिन असतं, डिझेल सरळ पिस्टनच्या डोक्यावर फवारलं जातं, उष्णता वाया जात नाही, म्हणून पाच अंशालाही ती उठतात. क्वालिसचं, किंवा जुन्या इंडिकाचं इंजिन वेगळं आहे, तिथं हेडमध्ये एक छोटी कोठी असते आणि डिझेल आधी त्या कोठीत जातं. त्या कोठीच्या गार भिंती दाबलेल्या हवेची गरमी शोषून घेतात. म्हणून तर या इंजिनांचं कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे हवा किती पट दाबायची ते, वीसच्या वर, बावीसच्या आसपास ठेवलेलं असतं, आणि तरीही गार असताना हीटर प्लग लागतोच. ज्यानं आयुष्यभर ट्रॅक्टर खोलले त्याला हीटर शोभेचा वाटणारच. पण मग साठ हजारांचं इंजिन काम सांगायच्या आधी एक टेस्ट लॅम्प (करंट येतोय का ते दाखवणारा छोटा दिवा) तरी लावून बघायचा ना!

शेवटी एका पाहुण्यानं नाशिकला द्वारका भागातल्या एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडं पाठवलं, सगळे त्यांना चाचा म्हणतात. चाचांनी इंजिन चालूच करू दिलं नाही. आधी विचारलं, "धूर येतो का? कसला?" पांढरा म्हटल्यावर म्हणाले, "मग डिझेल येतंय, गरमी येत नाही." बस, निम्मं निदान तिथंच झालं. सेल्फ मारताना धूरच येत नसेल तर डिझेल पोचत नाही, म्हणजे हवा धरलीय किंवा फिल्टर चोकअप आहे किंवा पंपाचा सोलेनॉइड (डिझेल सोडणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) गेलाय. भरपूर पांढरा धूर म्हणजे डिझेल पोचतंय पण पेटत नाही.

मग त्यांनी की ऑन करायला लावली आणि प्लगांच्या डोक्यावर जी पट्टी असते, चारही प्लग जोडणारी, तिच्यावर टेस्ट लॅम्प टेकवला. लॅम्प मेलेला. डॅशबोर्डवर लाइट मात्र झकास पिवळा. चाचा रिलेच्या (प्लगांना करंट सोडणाऱ्या स्विचच्या) वायरमागं लागले आणि बॅटरीच्या मागच्या बाजूला, पार आत, काळ्या टेपचा गोळा सापडला. टेप सोडली तर आत जाड वायर सरळ कापलेली, टोकं हिरवी पडलेली. आधीच्या मालकाच्या काळात कोणीतरी "हीटर लागत नाही" पंथाच्या मिस्त्रीनं कापून ठेवलेली! गाडी आधी कोकणात होती, तिकडं चालून गेलं असणार.

वायर जोडली, पण प्लगसुद्धा इतकी वर्षं बंद, तेव्हा चाचांनी पट्टी काढून एकेक प्लग मीटरनं बघितला. चांगल्या प्लगचा रेझिस्टन्स ओहमभर किंवा त्याच्याही खाली असतो, मेलेल्याचा काहीच दाखवत नाही. आमचा एकच जिवंत निघाला. मीटर नसेल तर बॅटरीच्या प्लसवरून टेस्ट लॅम्पची वायर घ्यायची आणि दुसरं टोक प्लगच्या डोक्याला लावायचं, लॅम्प लागला तर प्लगमधून करंट जातोय. पट्टी काढल्याशिवाय हे करू नका, नाहीतर एक चांगला प्लग बाकीच्यांची लाज झाकतो.

प्लग काढताना घाई करू नका. टोकाला कार्बन जमतो आणि प्लग हेडमध्ये धरून बसतो, जोर लावला की टोक आत तुटतं, आणि मग खरंच हेड उतरवावं लागतं. शेवटच्या सिलिंडरचा, फायरवॉलकडचा, हललाच नाही. चाचांनी इंजिन गरम करून, गंज सोडवायचं ऑइल मारून रात्रभर ठेवलं, दुसऱ्या दिवशी पाव फेरा पुढं, पाव फेरा मागं, असं करत तासभर खेळवत काढला. मी बाजूला चहा घेऊन उभा, आणि प्रत्येक कट् आवाजाला माझा जीव वरखाली.

नवीन प्लग घेतानाही डोकं लावावं लागलं. काउंटरवाला म्हणे सगळे सारखेच. सारखे नसतात, दिसायला आणि चुडीला (आट्यांना) सारखे असले तरी व्होल्टेज वेगळं असू शकतं, आणि कमी व्होल्टेजचा प्लग बारा व्होल्टवर लावला की जळतो. जुन्या प्लगवर कोरलेला नंबर जुळवूनच घ्या, म्हणून जुना प्लग खिशात घेऊन जा. आणि चारही एकदम बदला.

दुसऱ्या दिवशी पहाटे, बागेत शेकोट्या चालू असताना, की ऑन, लाइट विझेपर्यंत थांबलो, सेल्फ, आणि गाडी चालू. धूर नाही, थरथर नाही. मजूर बायकांपैकी एक म्हणाली, "आज गाडी आजारी नाही का?" सगळा खर्च धरून त्या इंजिन कामाचं ॲडव्हान्ससुद्धा झालं नसतं. ते टेपचं वेटोळं मी मुद्दाम त्या गॅरेजवाल्याला नेऊन दाखवलं. तो म्हणाला, "पण गाडी जुनीच आहे ना भाऊ." सोडून दिलं.

आता बाकीचं, आठवेल तसं.

हीटर चांगला असूनही फार गारठा असेल तर लाइट विझल्यावर की बंद करून परत एकदा ऑन करा, दुसऱ्यांदा हीटर घ्या, मग सेल्फ. सेल्फ दहा-पंधरा सेकंदांच्या वर मारू नका, मिनिटभर थांबा, नाहीतर सेल्फही जातो आणि बॅटरीही. क्लच दाबून मारा, गिअरबॉक्समधलं घट्ट ऑइल फिरवायचा भार कमी होतो.

स्टार्टिंगचे स्प्रे हीटरवाल्या गाडीला अजिबात नको. लाल झालेला प्लग आणि ईथर एकत्र आले की आत स्फोटच होतो, पिस्टन किंवा हेड जातं. एअर फिल्टरजवळ पेट्रोलचा बोळा धरायची जी आपल्याकडं पद्धत आहे तीही तसलीच, मी एका वस्तीवर भुवया जळालेला माणूस बघितलाय.

इंजिन ऑइल. आमच्या गाडीत आधी 20W-40 असायचं, आता 15W-40 टाकतो. पहिला आकडा जितका कमी तितकं ऑइल गारठ्यात पातळ राहतं, सेल्फ हलका फिरतो.

डिझेलबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. थंडीत डिझेलमधलं मेण गोठून फिल्टरमध्ये अडकतं, आणि आपल्या भारतीय मानकात हे ज्या तापमानाला व्हायला लागतं त्याची मर्यादा हिवाळ्यात 6 अंश आणि उन्हाळ्यात 18 अंश धरलेली आहे. म्हणजे पंपावर सीझनप्रमाणं डिझेल बदलतं. गाडी कमी चालत असेल आणि टाकीत सप्टेंबरचं डिझेल डिसेंबरपर्यंत पडून असेल तर निफाडच्या पहाटेला ते त्रास देऊ शकतं. दिवाळीनंतर टाकी खाली करून ताजं भरा. रॉकेल-बिकेल मिसळायच्या भानगडीत पडू नका, पंपाला वंगण डिझेलचंच असतं. माझा भाचा फौजेत लेहला होता, तो सांगायचा तिकडं टाकीखाली शेकोटी करायचे. इंडियन ऑइलनं 2019 च्या नोव्हेंबरमध्ये लडाखसाठी उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल काढलं ते याच कारणासाठी. आपल्याला तेवढं नको, पण टाकीखाली जाळ तर अजिबात नको.

फिल्टरच्या बुडाला पाणी काढायचा स्क्रू असतो, महिन्यातून एकदा सोडून थोडं डिझेल बाटलीत घ्या, खाली पाणी बसलं तर दिसतं. टाकी अर्धी ठेवली की रात्री आत दव धरतं, म्हणून थंडीत टाकी भरलेली बरी.

सकाळीच हवा धरत असेल, म्हणजे हँड प्रायमर (हातानं डिझेल चढवायचा छोटा पंप) मारल्याशिवाय उठत नसेल, तर रिटर्नचे, म्हणजे उरलेलं डिझेल परत नेणारे छोटे रबरी पाइप बघा, ते कडक होऊन बारीक चिरतात. डिझेल बाहेर गळत नाही पण रात्रीतून हवा आत घेते. गाडी उतारावर, तोंड चढाच्या बाजूला करून उभी करत असाल तर आधी तोंड फिरवून बघा.

बॅटरीची अर्थिंगची पट्टी, जी बॉडीला आणि इंजिनला जाते, ती काढून घासा. टर्मिनल सगळे घासतात, ही कोणी घासत नाही. चार प्लग मिळून बराच करंट ओढतात, अर्थिंग खराब असेल तर प्लग नवे असूनही अर्धवट तापतात.

आणि धक्का स्टार्ट. क्वालिसला टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करवणारा पट्टा) आहे, चेन नाही. बेल्ट जुना असताना चार माणसं लावून तिसऱ्या गिअरात झटका दिला आणि बेल्ट दात सोडून सरकला तर व्हॉल्व्ह वाकतात. बेल्ट कधी बदलला ते किलोमीटरसकट बोनेटच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहून ठेवा, मिस्त्रीच्या लक्षात राहत नाही.